सुबिराचा सकाळचा धूर

शनिवार, ८ जून

आज सकाळी सुबिराने इतका धूर सोडला की दुधाच्या रांगेतल्या बायकांना एकमेकींची तोंडं दिसेनात. मोजायला उघडे ठेवलेले कॅन झाकायला धावाधाव झाली. उपेन्दो नेहमीप्रमाणे सगळ्यांत पुढे होती आणि तिचं तोंडही. "बाई, आज चहाला दूध नको. धुराचाच करते."

सुबिरा ही आमच्या दूध संघाची पिकअप. डिझेलची, सत्तावीस वर्षांची. आमच्या भाषेत नावाचा अर्थ धीर. ज्याने बॉनेटवर हे नाव रंगवलं त्याला बहुतेक ठाऊक असावं की ही गाडी लोकांचा अंत पाहणार आहे. आमच्या डोंगरात जून म्हणजे ऐन हिवाळा, थंडी अशी की गवत पांढरं पडलं होतं. गाडी सुरू झाल्यावर सहा-सात मिनिटं हा तमाशा चालतो, मग इंजिन तापलं की बाईसाहेब एकदम शहाण्या.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता चार दिवस निवांत. तर सगळ्यांनी मिळून संघाची सेक्रेटरी केलं. आल्या आल्या मी तेलाचा डबा ताब्यात घेतला. इतकी वर्षं तो ड्रायव्हरकडे, म्हणजे फेस्तोकाकांकडे असायचा. किती तेल घालता म्हणून विचारलं तर म्हणाले, "लागेल तेवढं." लागेल तेवढं हे काय माप झालं? छत्तीस वर्षं मी पोरांना मापं शिकवण्यात घालवली!

आता रोज संध्याकाळी गाडी आली की मी स्वतः तेलाची पट्टी काढते, पुसते, परत घालते, वाचते. बॅटरी दमली आहे म्हणून महिनाभर गाडी माझ्या घरासमोर चर्चच्या उतारावर, तोंड खाली करून लावतात. सकाळी ब्रेक सोडला की घरंगळत सुरू होते. आजही तेल खालच्या रेघेच्या खाली. अर्धा लिटर घातलं.

काका शेजारी उभे होते. म्हणाले, "बाई, गाडी इथे नाकावर उभी आहे. वर दुधाच्या शेडपाशी सपाटीला घेतो, तिथे बघा."

एवढ्या थंडीत मी चढ चढत वर जायचं! मी म्हटलं, "काका, पट्टीवर दोनच रेघा आहेत. दोन रेघा वाचता येतात मला."

कॅन धुवायला आलेल्या बायका हसल्या. काकांनी बॉनेट बंद केलं. एकदा ठाम बोललं की माणसं वळणावर येतात.

बुधवार, १२ जून

शहरातल्या कास्टोरी मिस्त्रीला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "धूर कुठल्या रंगाचा?"

"धुराच्या रंगाचा," मी म्हटलं.

"एडिताबाई, पांढरा असेल तर हीटर प्लग किंवा नोझल. काळा असेल तर हवा पुरत नाही. निळा असेल तर तेल जळतंय. रंग बघून सांगा."

रांगेत विचारलं. एक म्हणाली पांढरा, दुसरी म्हणाली करडा, उपेन्दो म्हणाली, "माझ्या सासूच्या डोळ्यात असतो तसला." अशा माणसांना घेऊन संघ चालवायचा आहे. पहाटेच्या धुक्यात कसलाच रंग धड दिसत नाही, हेही खरंच.

संध्याकाळी अर्धा लिटर.

गुरुवार, १३ जून

आज डोकं चालवलं. घरातली पांढरी चादर सायलेन्सरच्या मागे धरायला दोघींना उभं केलं आणि काकांना सांगितलं, गाडी सोडा. धूर निघाला. चादरीपुढे तो स्पष्ट निळसर दिसला. दोघी खोकत पळाल्या, चादर चिखलात पडली. तीन वेळा धुतली तरी वास जात नाही. पण रंग कळला.

मिस्त्रीला फोन केला. "निळा."

"मग तेल जास्त तर झालं नाही ना?"

"जास्त? रोज संध्याकाळी मी बघते. रोज कमीच असतं."

तो फोनवरच पुटपुटत हिशेब करायला लागला. मग म्हणाला, "रोज कमी होतंय आणि निळा धूर आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या बाई. इंजिन खोलावं लागणार. एक रात्र गाडी माझ्याकडे ठेवा, मला ती थंड असताना सुरू करून बघायची आहे."

एक रात्र म्हणे! सकाळी सहाला अकरा थांब्यांवर बायका दूध घेऊन उभ्या असतात. ते काय डोक्यावरून नेऊ?

सोमवार, १७ जून

दूध पोचवून गाडी तशीच मिस्त्रीकडे नेली. मीही पुढे बसून गेले. तोपर्यंत इंजिन तापून लाल. त्याने दहा वेळा बंद-चालू केलं. धुराची रेघसुद्धा नाही. मिस्त्री माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी धूर स्वप्नात पाहिला.

"गावात या," मी म्हटलं. "पहाटे या आणि बघा."

बुधवारी बहिणीकडे येणार आहे, तेव्हा पहाटे येईन म्हणाला. परत येताना गाडीत काका आणि मी, दोघंच. मी म्हटलं, इंजिन खोलावं लागेल असं दिसतंय. ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "इंजिनाला काही झालेलं नाही, बाई." एकोणीस वर्षं एकच गाडी चालवली की माणसाला तिचा दोष दिसेनासा होतो. आईचं तसंच असतं.

बुधवार, १९ जून

मिस्त्री आला. पहाटे साडेपाचला, कानटोपी घालून. मी शाल गुंडाळून उभी. सगळी रांग बघायला उभी. काकांनी ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, सुरू झाली.

काही नाही. सायलेन्सरमधून नुसती वाफ.

उपेन्दो म्हणाली, "बाई, गाडीने मिस्त्रीला बघितलं आणि लाजली." रांग खो खो हसली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मिस्त्री म्हणाला, "एडिताबाई, रिंगा सोमवारी जाऊन बुधवारी परत येत नाहीत." चहा प्यायला आणि गेला.

काल काकांना डेअरीवरून यायला तासभर उशीर झाला होता. कारण विचारलं तर म्हणाले, गाडीखाली जरा काम होतं. काय काम ते सांगत नाहीत. एकूणच हल्ली फार कमी बोलतात.

संध्याकाळी बघितलं तर तेल परत कमी. अर्धा लिटर.

सोमवार, २४ जून

शनिवारी डेअरीने आमचे दोन कॅन परत पाठवले. दुधाला डिझेलचा वास येतो म्हणे. अजून एकदा असं झालं तर आमच्या गावाचं दूध घेणार नाहीत. बत्तीस घरांचं दूध आहे. मला रात्री नीट झोप लागली नाही.

म्हणून आज वही उघडून शांतपणे विचार केला. धूर आला ते दिवस एका बाजूला लिहिले, नाही आला ते दुसऱ्या बाजूला. तेल मात्र रोज कमी. धूर असो की नसो, रोज संध्याकाळी पट्टी तेच सांगते. ज्या दिवशी धूर नाही त्या दिवशी तेल जळत नाही. जळत नाही तर जातं कुठे? खाली जमिनीवर एक थेंब नाही, मी वाकून बघितलं आहे.

मग ते कोणीतरी काढतं. आणि गाडीखाली कोण जातं?

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. फेस्तोकाकांनी माझ्या वडिलांना शेवटी दवाखान्यात नेलं ते याच गाडीतून. पण दोन अधिक दोन चारच होतात.

गुरुवार, २७ जून

आज काका डेअरीला गेलेले असताना त्यांच्या घरी गेले. शोधायला नव्हे, नुसतं बघायला. त्यांच्या बायकोने, अनुन्सियाताने, दारातच हात धरून आत नेलं. उकडलेले बटाटे आणि चहा पुढे ठेवला. काका रात्री फार जागे असतात म्हणाली. "गाडीचं काहीतरी डोक्यात घेऊन बसलेत. मी म्हटलं सांगून टाका बाईंना. तर म्हणाले, बाईंना काय सांगायचं, आपल्या दोन्ही पोरांना त्यांनीच शिकवलं."

मला वाटलं, चोराला चोरी गोड लागत नाही ती अशी.

आणि डबा तिथेच होता. दाराच्या बाजूला, उघड्यावर, पाच लिटरचा पिवळा डबा. झाकण उघडून बोट घातलं. इंजिनातलं काळं तेल, जवळजवळ काठोकाठ. डब्यावर खिळ्याने ओरखडे काढलेले, एकाखाली एक, प्रत्येकाशेजारी तारीख. हिशेब ठेवून चोरी! लपवायचीसुद्धा गरज वाटली नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गाडीचं तेल," अनुन्सियाता म्हणाली. तिने डोळेसुद्धा चोरले नाहीत. मला मनातून फार वाईट वाटलं. आणि रागही आला. राग जास्त.

डबा उचलून आणला. ती मागून म्हणाली, "बाई, जड आहे. मी पोचवते ना."

शुक्रवार, २८ जून

सकाळी सगळी रांग उभी असताना डबा मधोमध ठेवला आणि विचारलं, "फेस्तोकाका, हे तेल कोणाचं?"

"संघाचं," ते म्हणाले.

"तुमच्या घरी कसं?"

मला वाटलं आता रडतील किंवा ओरडतील. त्यांनी फक्त म्हटलं, "बाई, तुम्हाला सांगितलं होतं मी."

काय सांगितलं होतं? मी रात्री आठवून आठवून पाहिलं. काही नाही सांगितलेलं.

मग खिशातून किल्ली काढली, तिचा दोरा सरळ केला आणि डब्याच्या झाकणावर ठेवली. टोपी घातली आणि चढ चढून गेले. रांगेत कोणी हसलं नाही. उपेन्दोसुद्धा नाही. मला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल, बरं केलंत बाई.

ओस्काला बोलावून दूध पाठवलं. तो लाकडाचा ट्रक चालवतो, हात चांगला आहे. दुपारपर्यंत अकराही थांब्यांवर बातमी पोचली होती.

मंगळवार, २ जुलै

मला कळेनासं झालं आहे. चोर गेला तरी तेल कमीच. शुक्रवारी अर्धा, शनिवारी अर्धा, रविवारी गाडी उभी, सोमवारी अर्धा, आज अर्धा. आणि धूर? आजपर्यंत पाहिला नव्हता असा. ओस्का खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "बाई, ही गाडी आहे की वीटभट्टी?" आज कॅन लांब, शेडच्या मागे ठेवून मोजले.

ओस्काही चोरतो का? तोही गाडीखाली जातो का? मी दुपारी गपचूप त्याच्या मागे डेअरीपर्यंत गेले. दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसून, या वयात. तो बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. गाडीखाली काय, गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

मिस्त्रीला फोन केला. आवाज चढला माझा. शुक्रवारी पहाटे येतो म्हणाला.

शुक्रवार, ५ जुलै

आजचं लिहायला नको वाटतं. पण लिहिते.

मिस्त्री आला तेव्हा गाडी उतारावरच होती. मी पट्टी काढून त्याच्यासमोर धरली. "बघा. खालच्या रेघेच्या खाली."

त्याने पट्टी बघितली. मग गाडी बघितली. मग तिच्या नाकाखालचा उतार बघितला. "बाई, तेल रोज इथेच बघता?"

"रोज. पाच वाजता."

"गाडी सुरू करू नका," तो म्हणाला. "ढकला." आम्ही बारा बायका, ओस्का आणि मिस्त्री, सगळ्यांनी मिळून ती अवजड गाडी चढावर ढकलत शेडपुढच्या सपाटीला नेली. धापा टाकत थांबलो. मिस्त्रीने पाच मिनिटं जाऊ दिली. मग पट्टी काढली, पुसली, घातली, काढली आणि माझ्या हातात दिली.

तेल वरच्या रेघेच्या तीन बोटं वर होतं.

"उतारावर सगळं तेल पुढे पळतं," मिस्त्री म्हणाला. "पट्टी मागच्या बाजूला आहे. ती बिचारी कोरडीच राहणार. तुम्ही रोज ओतत गेलात. जास्तीचं तेल फेसाळून हवेच्या नळीत चढतं, रात्रभर तिथे साचतं, आणि सकाळी पहिलं तेच जळतं. इंजिन तापेपर्यंत संपतं, की धूर बंद." तो खाली गेला, नट सैल केला, तेल काढलं, हवेची नळीही पुसून घेतली. दोन लिटर निघालं. मग शेजारच्या ट्रकच्या बॅटरीने सुबिरा सुरू केली. धूर नाही. वाफ, आणि तीही मिनिटभर.

मिस्त्री हात पुसत सहज म्हणाला, "मधूनमधून कोणी एवढं तेल काढलं असतं ना, तर महिनाभर काही झालं नसतं."

मग उपेन्दो बोलली, माझ्याकडे न बघता. "कोणीतरी काढत होतं ना, बाई."

घरी येऊन डब्यावरचे ओरखडे वहीशी ताडून पाहिले. चार तारखा. चारही वेळा दुसऱ्या सकाळी धूर नाही. प्रत्येक ओरखड्यापर्यंत तेल, एक थेंब कमी नाही. मी ओतायचं, त्यांनी काढायचं. मी त्यांना चारचौघांत गप्प केलं होतं म्हणून त्यांनी मला चारचौघांत खोटं पाडलं नाही. आणि मी काय केलं!

मी मूर्ख आहे. छत्तीस वर्षं माप शिकवणारी मूर्ख.

रविवार, ७ जुलै

सबासबाची, म्हणजे सात जुलैची सरकारी सुट्टी. गावात ढोल वाजत होते. मी डबा आणि किल्ली घेऊन काकांच्या घरी गेले. अनुन्सियाताने आज बटाटे पुढे ठेवले नाहीत. पण पाट दिला.

मी सगळं सांगितलं. उतार, पट्टी, तीन बोटं. माझं चुकलं म्हटलं. पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मला माहीत होतं ते," काका म्हणाले. "उताराचं."

"मग ओरडून का नाही सांगितलंत? मला चारचौघांत झापायचं होतंत!"

"तुम्हाला? पोरांच्या बाईंना?" त्यांना हे खरंच चमत्कारिक वाटलं. मला त्यांचा पुन्हा राग आला, आणि त्या रागासकट रडू आलं.

किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, तुमचं तेल गेलं असं तुम्हाला वाटलं, ते डब्यात भरून घरी नेता आलं. माझं जे गेलं ते अकरा थांब्यांवर सांडलंय. ते कुठल्या डब्यात भरून आणणार?"

मी किल्ली पदरात बांधून उठले. परत येताना दोन ओळखीच्या बायका भेटल्या. एकीने विचारलं, "चोराने किल्ली घेतली का?" तिला काहीच कळलेलं नव्हतं. तिच्यापर्यंत फक्त मी सांगितलेली चोरीची गोष्ट पोचली होती.

सोमवार, ८ जुलै

पहाटे पाचला पुन्हा काकांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "गाडी तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. प्रत्येक थांब्यावर उतरून सांगते. तुम्ही खाली उतरू नका. नुसते बसून ऐका."

त्यांनी टोपी घातली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पहिल्या थांब्यावर मी कॅनकडे बघतच बोलले. शाळेत दोनशे पोरांपुढे बोलणारी मी. म्हटलं, फेस्तो न्यागावांनी चोरी केली नाही. तेल मी जास्त ओतलं, धूर माझ्यामुळे झाला, गाडी वाचवली त्यांनी, आणि मी त्यांना चोर म्हटलं. बायका कॅन धरून बघत राहिल्या. एकीने विचारलं, "म्हणजे बाई, तुमचं गणित चुकलं?" हो म्हटलं, चुकलं. दुसऱ्या थांब्यावर परत तेच. तिसऱ्यावर एक म्हातारी म्हणाली, आम्हाला ठाऊकच होतं. मग त्या शुक्रवारी का नाही बोललीस बाई, असं अगदी ओठांवर आलं, पण गिळलं. पाचव्यावर माझ्या जुन्या वर्गातली एक मुलगी खाली मान घालून हसत होती. हसू दे. सातव्यावर पाय चिखलात रुतला, चप्पल तिथेच राहिली, तशीच बोलले.

आठव्या थांब्याच्या पुढे काका पहिल्यांदा बोलले. "बस करा बाई. उशीर होतोय, दूध नासेल."

"तीन राहिलेत," मी म्हटलं.

"सगळ्यांना कळेल आता. बायका आहेत, पोचवतील."

"त्या शुक्रवारी पण त्यांनीच पोचवलं होतं," मी म्हटलं. "तीन राहिलेत."

त्यांनी मोठा उसासा सोडला. इतका वैतागलेला उसासा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. एकोणीस वर्षांत एकदाही ज्यांनी दुधाला उशीर होऊ दिला नाही, ते नवव्या थांब्यावर गाडी थांबवून माझ्याकडे वळले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

"बोला आता," म्हणाले. "मघापासून या आवाजात मागच्या बायकांना काही ऐकू जात नव्हतं."